नाव ऐकण्यासाठी इथे दाबा

मधुकर ढवळे या गृहस्थाला आपल्या नावाचा फार अभिमान होता असं कुणी म्हणणार नाही. आजोबांनी बारशाला ते ठेवलं, शाळेच्या दाखल्यावर ते चढलं, आणि रेशनकार्डावर कारकुनाने 'मधूकर' असा धू दीर्घ करून दिला तेव्हाही त्याने तक्रार केली नव्हती. सरकारकडून काहीतरी जास्तीचं मिळालं, एवढंच समाधान मानलं होतं. पण अठ्ठ्याण्णव सालच्या फेब्रुवारीत, एका बुधवारी संध्याकाळी, बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत, टेबलाच्या मधोमध बसवलेल्या तीन पायांच्या फोनमधून एका अमेरिकन बाईंनी त्याला हाक मारली आणि मधुकरला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की आपल्याला नाव आहे आणि ते चोरीला गेलं आहे.

बाई ओहायोतल्या एका विमा कंपनीच्या. त्यांच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये साल दोनच आकड्यांत लिहिलेलं होतं. दोन हजार साल उजाडलं, की यंत्र त्याला एकोणीसशे समजणार आणि ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यांना पाळण्यात घालणार. तसं होऊ नये म्हणून बंगळूरमधली नऊ माणसं दिवसभर दोनाचे चार आकडे करत बसायची आणि दर बुधवारी किती झाले ते फोनवर सांगायची. मधुकर त्या नवांतला वयाने मोठा. बाई म्हणाल्या, "अँड व्हॉट डझ मॅड हूकर थिंक?"

पहिला शब्द त्याला येत होता. दुसरा त्याने दुसऱ्या दिवशी कंपनीच्या वाचनालयात, आजूबाजूला कोणी नाही असं पाहून, शब्दकोशात काढला; आणि शब्दकोश असा काही मिटला, की ग्रंथपालाने मान वर करून पाहिलं.

घरी त्याने सुचेताला, म्हणजे बायकोला, एवढंच सांगितलं, "ती बाई माझ्या नावाची वाट लावते."

"म्हणजे काय म्हणते?"

"ते महत्त्वाचं नाही."

टीमचा म्होरक्या शंतनु. मुंबईचा, मधुकरहून आठ वर्षांनी लहान, आणि फोनवर 'शॉन'. त्याने उपाय सांगितला. "मॅडी म्हणायला सांगा ना. मी नाही का शॉन झालो? सिंपल!"

आता, माणसाने पोटासाठी काय काय करावं याला मर्यादा नाही. मधुकरनेही टाय बांधायला सुरुवात केलीच होती. पण छत्तिसाव्या वर्षी मॅडी होणं त्याच्या जिवावर आलं. शिवाय जूनमध्ये एकाला तीन महिने ओहायोला पाठवायचं होतं आणि तो कोण, हे बाई ठरवणार होत्या. ज्या बाईंना आपलं नाव घेता येत नाही, त्या आपलं नाव सुचवणार कसं?

उपाय त्याला कंपनीच्या बसमध्ये सुचला. मल्लेश्वरमहून इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत दीड तास काहीतरी सुचण्याखेरीज दुसरं करण्यासारखं नसतंच. क्लायंटसाठी कंपनीने इंटरनेटवर 'तुमची टीम' नावाचं एक पान केलं होतं. त्यावर नऊ फोटो आणि नऊ नावं होती. आपल्या फोटोखाली एक छोटा कर्णा काढायचा. बाईंनी तो दाबला, की आतून आपल्या आवाजात आपलं नाव ऐकू यायचं. तीन-चार सेकंदांचं काम. बाई ऐकतील, शिकतील, प्रश्न मिटेल.

तीन-चार सेकंदांचं हे काम पावणेदोन महिने चाललं.

ते पान ज्या सर्व्हरवर होतं, त्याचा राखणदार योगीराज. तो मूळचा धारवाडकडचा, घरी मराठी आणि दारी कन्नड बोलणारा. सर्व्हरला तो 'आमचा सर्व्हर' म्हणायचा, जसं कुणी 'आमची म्हैस' म्हणावं, आणि तिच्याजवळ परक्याला येऊ द्यायचा नाही. पण इथे गावाकडच्या भाषेत विनंती केल्यामुळे तो विरघळला.

"कर्णा मी बसवतो की. आवाज आणा फक्त. पण तुमच्या मशीनला साउंड कार्ड हाय काय?"

नव्हतं. कंपनीत कुणाच्याच टेबलावरच्या यंत्राला नव्हतं. आवाज आला की पोरं गेम खेळतात, असा वरच्यांचा अनुभव होता. त्यामुळे चारशे संगणक मुके ठेवलेले होते. कार्ड हवं तर प्रशासनातल्या धनलक्ष्मीबाईंकडे अर्ज करायचा. अर्जात एक रकाना होता: 'कामासाठी नेमकी गरज'. मधुकरने प्रामाणिकपणे लिहिलं: 'स्वतःचे नाव उच्चारणे.'

धनलक्ष्मीबाईंनी अर्ज दोनदा वाचला. चष्मा काढून तिसऱ्यांदा वाचला.

"एनु सार इदु? हे काय आहे? तुमचं नाव काय?"

"मधुकर ढवळे."

"झालं की उच्चारून. कार्डाशिवाय." त्यांनी अर्ज परत सरकवला. "आगल्ला सार. जमायचं नाही."

पण धनलक्ष्मीबाई मनाने वाईट नव्हत्या; वाट त्यांनीच दाखवली. ट्रेनिंगच्या खोलीत एका यंत्राला कार्ड होतं, आगीपासून बचाव कसा करावा याची फिल्म दाखवायला. त्या यंत्राला मात्र शिकाऊ माणसालाच हात लावता येई. तेव्हा मधुकर ढवळेने आगीपासून बचावाच्या शिबिरात नाव घातलं, पहिल्या खेपेला यंत्र बंद निघालं म्हणून दुसऱ्यांदाही घातलं, आणि त्या वर्षीच्या अहवालात 'अग्निसुरक्षेबाबत विशेष आस्था असलेला कर्मचारी' म्हणून त्याची नोंद झाली. त्या खोलीच्या भिंतीपलीकडे जनरेटर होता. तिथे बोललं की नाव पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं वाटे. योगीराज म्हणाला, "घरी टेप करून आणा. मी वायर लावून आत घेतो."

घर म्हणजे मल्लेश्वरममध्ये आप्पाजींच्या बंगलीचा वरचा मजला. आप्पाजी निपाणीकडचे, चाळीस वर्षं बंगळुरात मुरलेले, रेडिओ स्टेशनातून निवृत्त झालेले. ते तिथे स्टोअरकीपर होते. आयुष्यभर त्यांनी शेकडो माइक पाहिले, पण सगळे खोक्यातले. तरी ध्वनी या विषयावर पंचक्रोशीत त्यांचाच शब्द चाले. रविवारी सकाळी ते आणि त्यांची बायको शालनअक्का वर आले आणि कॉटवर परीक्षकांसारखे बसले.

"टेपरेकॉर्डर तोंडापासून एक वीत लांब," आप्पाजींनी आज्ञा केली. "आणि पोटातून बोला. नरड्यातून नको."

पहिल्या खेपेला मधुकर पोटातून बोलला. टेप उलटी फिरवून ऐकली, तर गाडी तीन नंबरच्या फलाटावर येत असल्याची घोषणा वाटली. दुसऱ्या खेपेला 'मधुकर' आणि 'ढवळे' यांच्यामध्ये कुकरची शिट्टी आली. तिसऱ्या खेपेला खालून 'सोप्पू, सोप्पू' ओरडत पालेभाजीवाली गेली आणि टेपवर 'मधुकर सोप्पू' असं एक नवंच नाव उमटलं. चौथ्याला वीज गेली. तासाभराने आली, तेव्हा आप्पाजींना शास्त्रीय शंका आली.

"ऐका की मधुकरराव. शेवटचा र स्वल्प पुरा म्हणा. मधुकर-अ. तुम्ही मराठी माणसं शेवटचं अक्षर खाताय."

"आम्ही मराठी? मग तुम्ही कोण?"

"आम्ही बी मराठीच. पण चाळीस वर्षं खाऊन पोट भरलंय की आमचं."

शालनअक्कांना वेगळीच काळजी होती. "नुसतं नाव काय सांगायचं कोरडं? उखाण्यात घ्या की."

"स्वतःचं नाव उखाण्यात कसं घेणार अक्का?"

"मग सुचेता घेईल की तुमचं."

"मी मुळीच घेणार नाही," टेपरेकॉर्डरच्या बटणावर बोट ठेवून बसलेली सुचेता म्हणाली. मल्लेश्वरमच्या एका शाळेत ती विज्ञान शिकवायची आणि रविवारचे पेपर तपासायचे सोडून ती इथे बसली होती. "आणि लवकर आटपा. टेप संपत आली."

सोळा खेपा झाल्या. कुठे ढ ढिला, कुठे ळ जास्त ओला. सतराव्या खेपेला सुचेताने बटण दाबलं, टेप फिरू लागली, आणि मधुकरच्या तोंडून शब्दच फुटेना. स्वतःचं नाव सोळा वेळा घेतलं, की ते कुणा भलत्याच माणसाचं वाटू लागतं, हा अनुभव ज्याने घेतला नाही त्याला ते कळायचं नाही. तो आ वासून उभाच. तेव्हा सुचेता, शिक्षिकेचा सगळा जीव त्या दोन अक्षरांत ओतून, म्हणाली, "अहो!"

मधुकर दचकला आणि म्हणाला, "मधुकर ढवळे!"

टेप थांबवून ऐकली. आप्पाजी उठून उभेच राहिले. "हे! हे खरं! ह्याच्यात माणूस हाय!"

आणि खरोखर होता. धसकलेला, पण जिवंत. सुरुवातीचं 'अहो' तेवढं योगीराज कापून टाकेल, असं ठरलं.

सोमवारी योगीराजने वायर लावून आवाज ट्रेनिंगच्या यंत्रात घेतला. चार सेकंदांचं नाव इतकं अवजड निघालं, की साऱ्या कंपनीला मिळून असलेल्या त्या एका बारीक लाइनीवरून ओहायोला पोचायला त्याला दीड मिनिट लागलं असतं. "बाई कर्णा दाबून चहा करून येतील," योगीराज म्हणाला आणि त्याने नाव आवळायला घेतलं. आधी निम्मं केलं, मग त्याच्या निम्मं. शेवटी एवढंसं झालं तेव्हा दोघांनी मिळून ऐकलं. आवळता आवळता ध मधली हवा गेली होती, ळ चपटा झाला होता, आणि कर्ण्यातून खणखणीत मराठी माणसाच्या आवाजात ऐकू आलं: "मॅड हूकर डॅवेल."

मधुकरने कर्णा पुन्हा दाबून पाहिला. तेच आलं.

"स्वल्प कमी आवळतो," योगीराज हळूच म्हणाला.

पण बाहेरच्या जगाला दिसणाऱ्या कुठल्याही गोष्टीला क्वालिटी खात्याचा शिक्का लागे. कंपनीला त्या वर्षी एक जागतिक प्रमाणपत्र हवं होतं आणि त्यापायी दोन माणसं जेवायला गेली तरी तिसऱ्याने त्याचा अहवाल लिहावा अशी अवस्था होती. क्वालिटीच्या श्वेताने नियम वाचून दाखवला: चार तज्ज्ञांकडून तपासणी. मधुकरच्या नावाची तपासणी बुधवारी अकरा ते एक झाली. चौघांपैकी एकालाही मराठी येत नव्हतं; त्यामुळे, श्वेता म्हणाली, निर्णय निःपक्षपाती होईल. चौदा दोष निघाले. दोष क्रमांक तीन: पहिला शब्द आणि दुसरा शब्द यांतील अंतर प्रमाणित नाही. दोष क्रमांक आठ: बोलणारा घाबरलेला वाटतो. दोष क्रमांक अकरा: नाव लांब आहे, तीव्रता मध्यम, उपाय संबंधित कर्मचाऱ्याने सुचवावा.

मधुकरने उपाय सुचवला नाही. आजोबा हयात नव्हते.

दुरुस्त्या होत गेल्या तशा फाइली वाढत गेल्या. शून्य पूर्णांक एक, शून्य पूर्णांक दोन, शून्य पूर्णांक तीन, असं करत करत एप्रिलच्या सुरुवातीला 'एक पूर्णांक शून्य' मंजूर झाली. श्वेताने सही केली, शंतनुने केली, धनलक्ष्मीबाईंनी हताश होऊन केली. योगीराजने फाइल चढवली. फक्त, दहा फाइलींच्या गर्दीत त्याच्या हाताला तिसरी लागली. ती, जिच्यात आवाज स्वच्छ होता आणि काहीच कापलेलं नव्हतं. शिवाय बाईंना कर्णा दाबायचा तरी त्रास कशाला, या सौजन्याने त्याने अशी सोय केली, की पान उघडताच आवाज आपोआप वाजेल आणि पान बंद करेपर्यंत वाजत राहील.

हे बंगळुरात कुणाला कळलं नाही, कारण बंगळुरातले चारशे संगणक मुके होते.

पुढच्या बुधवारी काचेच्या खोलीत नऊजण जमले. मधुकरने नवा टाय बांधला होता. फोन लागला. बाई फार खुशीत होत्या. त्यांनी ते पान उघडलं होतं, त्यांच्या सगळ्या मजल्याने ते ऐकलं होतं, दिवसभर ऐकलं होतं, आणि आता सगळ्यांना पाठ झालं होतं. एवढं सांगून बाई थांबल्या, त्यांनी घसा साफ केला आणि हाक मारली.

"अहो!"

उच्चारात एकही दोष काढायला जागा नव्हती. सुचेताचाच हेल. शेवटी किंचित वर जाणारा, किंचित वैतागलेला. मधुकर खुर्चीतून अर्धा उठला. दाराशी वायर तपासत बसलेला योगीराज टेबलाखाली गेला आणि बराच वेळ वर आला नाही.

"अहो, आर यू देअर?"

"येस मॅडम," मधुकर म्हणाला. कानाच्या पाळ्या पेटल्या होत्या. "मॅडम, अहो इज नॉट... अहो मीन्स... एक्स्क्यूज मी."

"दॅट्स ऑल राइट, अहो," बाई म्हणाल्या.

बाईंच्या देशात माणसाला तीन नावं असतात आणि पहिल्याने हाक मारतात. अहो मधुकर ढवळे. इतकं सोपं, इतकं गोड पहिलं नाव असताना हा माणूस दोन महिने ते दडवून का बसला होता, याचंच त्यांना नवल वाटत होतं.

पान दुरुस्त करावं म्हणून मधुकर शंतनुकडे गेला. शंतनु म्हणाला, "क्लायंट हॅपी आहे. हॅपी क्लायंटला डिस्टर्ब नाही करायचं." श्वेता म्हणाली, मंजूर पान बदलायचं तर क्लायंटची लेखी संमती हवी, म्हणजे, तुम्हाला आवडलेलं आमच्या माणसाचं नाव हे त्याचं नाव नाही, असं बाईंना कळवून त्यांची सही आणायची. आठवड्याभरात टीममधली पोरंही त्याला अहो म्हणू लागली. एक लखनौचा मुलगा तर आदराने 'अहोजी' म्हणे. आणि मधुकर, खरं सांगायचं तर, वळूनही पाहू लागला. तीन महिन्यांचं ओहायो डोळ्यांसमोर असलं, की माणूस बऱ्याच हाकांना वळतो.

मेच्या शेवटी बाईंचं पत्र आलं. जूनमध्ये आम्हाला अहो हवा. दुसरा कुणी नको.

पत्र कर्मचारी विभागाच्या कृष्णात साहेबांकडे गेलं. कृष्णात कोल्हापूरकडचे. त्यांनी हजेरीपट तपासून शेरा मारला: या नावाचा कर्मचारी कंपनीत नाही.

"साहेब, तुम्ही तरी असं म्हणू नका," मधुकर म्हणाला. "तुम्हाला ठाऊक आहे अहो म्हणजे काय ते."

"मला ठाऊक आहे हो. घरी रोज ऐकतो. पण फाइलला मराठी येत नाही. अॅफिडेव्हिट आणा. मधुकर ढवळे ऊर्फ अहो. मग बघू."

कोर्टाजवळच्या गल्लीत टाइपरायटर घेऊन बसणारा रघुजी असली कामं करी. त्याने कागद चढवला, 'ऊर्फ' पर्यंत टाइप केलं आणि थांबला. "सार, या दुसऱ्या नावाने तुम्हाला ओळखणारा साक्षीदार पाहिजे. जुना. कोण ओळखतं?"

"बायको."

"मग तिची सही."

आतापर्यंत सुचेताला एवढंच माहीत होतं, की पान झालं आणि बाई खूश आहेत. त्या संध्याकाळी मधुकरने कागद तिच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. तपासायचा पेपर हातातच धरून तिने ऐकलं.

"ती बाई तुम्हाला अहो म्हणते."

"हो."

"कधीपासून?"

"आठ आठवडे झाले."

"आणि तुम्ही येस म्हणता."

"क्लायंट आहे गं ती."

सुचेताने कागद वाचला. 'मी वरील इसमास अकरा वर्षांपासून अहो या नावाने व्यक्तिशः ओळखते,' असं त्यात इंग्रजीत लिहिलं होतं. लाल पेनच हाताशी होतं. त्याच पेनाने तिने सही केली.

"घ्या. आता ते सरकारजमा झालं," ती म्हणाली आणि पुढचा पेपर ओढला. तिने तो जरा जास्तच कडक तपासला असावा. कुठल्या तरी मुलीचे दोन गुण त्या संध्याकाळी गेले.

लाल शाईची सही चालत नाही म्हणून कागद एकदा परत आला. निळी झाली. मग रघुजीचा शिक्का पुसट निघाला. दुसरा मारला. कृष्णात साहेबांनी सहा दिवस 'पडताळणी' केली आणि सातव्या दिवशी हसतमुखाने मधुकरला बोलावून सांगितलं, की तुम्ही अहो आहात हे कंपनीला मान्य आहे. शंतनु त्याच्या आदल्या रविवारीच ओहायोला गेला होता. माणूस तर कुणीतरी पाठवायलाच हवा होता, आणि शॉन हे नाव कुठल्याही फाइलला लगेच कळतं.

बुधवारी बाई फोनवर म्हणाल्या, "अहो, वी मिस यू हिअर. शॉन सेज हाय."

"थँक यू मॅडम," मधुकर म्हणाला.

त्या दिवशी तो घरी पोचला तेव्हा आप्पाजी फाटकाशी झाडांना पाणी घालत होते आणि शालनअक्का पायरीवर शेंगा निवडत बसल्या होत्या. मधुकरने जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तोच वरच्या गॅलरीतून आवाज आला.

"मधुकर!"

आप्पाजींच्या पाइपचं पाणी झाडावरून रस्त्यावर गेलं. मधुकरने वर पाहिलं. सुचेता कठड्यावर ओणवून उभी होती. ध मध्ये भरपूर हवा होती. र जिथे संपायला हवा तिथे बरोबर संपला होता. त्याच्या आयुष्यात त्याचं नाव इतकं चोख आजवर कुणी घेतलं नव्हतं.

"मधुकर, कोथिंबीर संपलीये. घेऊन ये."

शालनअक्कांच्या मांडीवरचं सूप कलंडलं. "अगं बाई! नुसतं नाव? आणि वर 'ये'?"

"मग काय म्हणू अक्का?" सुचेता शांतपणे म्हणाली. "दुसरं ऑफिसात गेलंय." आणि ती आत गेली.

मधुकर ढवळेने बॅग पायरीवर ठेवली. मग तो उलट पावली आठव्या क्रॉस रस्त्यावरच्या बाजाराकडे निघाला. एक जुडी आणायची की दोन, हे विचारायचं राहिलंच होतं. पण खालून वर हाक मारून विचारायचं, तर आता तिला 'अगं' म्हणावं की 'अहो', हेच त्याला सुचेना.